बाटलीतला कापूस

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं मिळतात तिथे, दर भेटीला उरलेल्या गोळ्या मोजतात. बाई मागच्या वेळची बाटली घेऊन येते, समुपदेशक ती टेबलावर उपडी करते आणि पेनाच्या टोकाने दोन-दोन गोळ्या सरकवत मोजते. त्या दिवशी बाटली उपडी केली तर काहीच पडलं नाही. आत सरकीसकट कापूस कोंबलेला होता, घरच्या वावरातला, वाळक्या पातीचा तुकडाही त्यात तसाच. गोळ्यांना ओल लागेल, खराब होतील, म्हणून मी तिच्यावर चांगलीच रागावले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली,

"वाजते न मॅडम ते. येष्टीत पिशवी हालली का खुळखुळते. बाजूची इचारते, काय घेऊन चालली वं? घरी बुढी इचारते."

तेव्हा मला या कामात दहा वर्षं होऊन गेली होती. 'गोळी का चुकली' या प्रश्नाखाली आमच्या फॉर्मवर पर्याय छापलेले होते: विसरले, बाहेरगावी होते, त्रास झाला, गोळ्या संपल्या. 'आवाज होतो' हा पर्याय कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. आणि मी काही मुंबईहून आलेली नव्हते. माझी कॉलेजची फी कापसाच्याच पैशातून गेली होती.

या विषयात मी ठरवून आले नाही. २००३ साली विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगाची रेसिडेन्सी करत होते. रात्री दोनच्या सुमारास हायवेकडच्या गावातली एक बाई कळा सुरू झालेल्या अवस्थेत आली. तो हायवे म्हणजे तेव्हाचा सात नंबर, आताचा चव्वेचाळीस. तिच्या केसपेपरवर कोणीतरी लाल पेनाने, लांबून दिसेल एवढ्या अक्षरात एचआयव्हीचा रिपोर्ट लिहून ठेवला होता. वॉर्डात शिरल्यापासून बाळंत होईपर्यंत तिच्या कपाळाला कोणी हात लावला नाही. दुहेरी ग्लोव्हज, गमबूट, प्लास्टिकचा एप्रन असा जामानिमा करून मी तिची सुटका केली. तिच्याआधीच्या तीन बायकांची, ज्यांची तपासणीच झालेली नव्हती, साध्या ग्लोव्हजवर केली होती. यात काय विचित्र आहे हे त्या रात्री मला उमगलं नाही.

पण औषध हातात होतं याचा आनंद फार होता. नेव्हिरॅपिनची एक २०० मिलिग्रॅमची गोळी आईला कळा सुरू झाल्यावर, आणि बाळाला वजनाच्या हिशोबाने थोडंसं सिरप ७२ तासांच्या आत. युगांडातला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता: तेव्हाच्या दुसऱ्या छोट्या उपचाराच्या तुलनेत बाळांमधला संसर्ग या एका गोळीने जवळपास निम्म्यावर आला होता. स्वस्त, सोपं, खेड्यातल्या दवाखान्यातही जमणारं. सकाळी राउंडला मी तिला हे सगळं उत्साहाने सांगितलं. तिने विचारलं, "पोट्ट्याले देल्लं. मंग माह्यं काय?"

उत्तर नव्हतं. सरकारी मोफत एआरटी सुरू झाली ती १ एप्रिल २००४ पासून, तीही देशभरातल्या आठ रुग्णालयांत. आपल्याकडच्या माणसाला त्यासाठी मुंबईचं जे. जे. गाठायचं होतं. मी तिला सांगितलं, पौष्टिक खा. हे वाक्य आजही आठवलं की कान गरम होतात.

माझा थिसिसही याच विषयावर होता. परवा जुनी कागदपत्रं आवरताना त्याचा कोरा फॉर्म सापडला. बाळासाठी तीन पानं: वजन, दूध कोणतं, लसी, सहा आठवडे, सहा महिने, अठरा महिने. आईसाठी चार ओळी. त्यातल्या एका ओळीत तिचं वय आणि एकीत कितवी खेप. तो फॉर्म मीच बनवला होता आणि गाईडांनी त्याचं कौतुकही केलं होतं.

पुढे नागपूरला आणि मग हळूहळू इतर जिल्ह्यांत केंद्रं सुरू झाली, तरी बायकांची गत निराळीच. सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेल्याशिवाय औषध सुरू होत नसे. बायकांचं निदान व्हायचं गरोदरपणात, तरुण वयात, बऱ्या तब्येतीत. म्हणजे त्या 'पात्र' नाहीत. नवऱ्याला घेऊन त्या महिनोन्‌महिने यायच्या, त्याची रांग धरायच्या, त्याच्या गोळ्या पदरात बांधून न्यायच्या. तो गेल्यावर काही वर्षांनी स्वतः यायच्या, तेव्हा सीडी-४ ऐंशी असायचा आणि हिमोग्लोबिन सात. सातवर झिडोव्हुडीन हे एआरटीतलं औषध देता येत नाही, त्याने रक्त आणखी उतरतं. आपल्या भागात सिकलसेल आहे, तो वेगळाच. त्याऐवजी स्टॅव्हुडीन द्यावं तर पायांची आग आणि गालफडं बसणार, आणि बसलेली गालफडं गावाला बरोबर ओळखू येतात. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असलं की नेव्हिरॅपिनऐवजी इफाव्हिरेन्झ, आणि दिवस जाण्याची शक्यता असली की त्यालाही तेव्हा मनाई. पुस्तकात हे चार वेगवेगळ्या प्रकरणांत असतं. ओपीडीत ते एकाच बाईच्या अंगावर असायचं.

आणि मग त्या एका गोळीचं दुसरं टोक समोर आलं. नेव्हिरॅपिन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं. एकटंच, उतरत्या प्रमाणात. तेवढ्यात विषाणू त्याला सरावतो. २००७ मध्ये बोत्स्वानातला अभ्यास आला: बाळंतपणात ती एक गोळी घेतलेल्या बायकांनी सहा महिन्यांच्या आत नेव्हिरॅपिनवर आधारलेली एआरटी सुरू केली, तर ती फसण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. सहा महिन्यांनंतर सुरू केली तर तसं नव्हतं. म्हणजे बाळाला वाचवणारी गोळी आईच्या पुढच्या औषधाची धार बोथट करत होती. आम्ही वाटलेल्या गोळ्यांचा हिशोब बाळांच्या रकान्यात होता, आयांचा रकानाच नव्हता. हे बायकांना कसं समजवायचं याचा मी फार विचार केला होता, पण ते काम बोंडअळीने सोपं केलं. एकाच औषधाची अर्धवट फवारणी केली तर अळी मरत नाही, शिकते, हे इथे शाळेत न गेलेल्या बाईलाही माहीत असतं. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर तर मला उदाहरण पूर्ण करावंच लागत नाही. "एक दिवस सोडला तं अळी शिकते," असं बायकाच नव्या बायकांना सांगतात.

दुधाचं प्रकरण याहून अवघड. सुरुवातीच्या काळात आम्ही बायकांपुढे पर्याय ठेवायचो: अंगावरचं की वरचं? परवडत असेल, स्वच्छ पाणी असेल, घरच्यांना चालत असेल तर वरचं. कागदावर हे फार समंजस दिसतं. पण खेड्यात बाळंतीण पाजत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी अख्खी आळी विचारायला येते. काही जणी छातीला फडकं घट्ट बांधून, दूध आटवून, 'दूधच आलं नाही' असं सांगायच्या आणि मग सासू मेथ्या-अळिवाची खीर करून पाजायची. काही जणी दिवसा वरचं द्यायच्या आणि रात्री बाळ रडलं की अंगावरचं. नेमकं तेच सगळ्यात वाईट. डरबनच्या अभ्यासाने १९९९ मध्येच दाखवलं होतं की फक्त अंगावरचं दूध पाजण्यापेक्षा मिश्र दुधात बाळाला धोका अधिक. मग सल्ला बदलला: सहा महिने अंगावरचंच, दुसरं काही नाही. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. आता सासवांशी गाठ पडली. गुटी न उगाळणारी सून म्हणजे काय! एका आजीबाईंनी मला सहाणच आणून दाखवली, पाच पिढ्यांची झिजलेली. मी हरडा-बेहड्याविरुद्ध बोलायचं सोडलं आणि 'सरकारी सिरप चालू आहे, त्यावर गुटी चालत नाही' असं सांगायला लागले. खोटं नव्हतं. स्तनपान करणाऱ्या बाळांना सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन देऊन पाहण्याचं काम इथिओपिया, युगांडा आणि पुण्यात झालं होतं, आणि पुढे ते सिरप कार्यक्रमात आलंही. २०१४ पासून गरोदर बाईला सीडी-४ न बघता आयुष्यभराची एआरटी मिळू लागली, २०१७ पासून सगळ्यांनाच. त्या एका गोळीचे दिवस संपले. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन फिल्टर पेपरवर वाळवायचे आणि लॅबला पाठवायचे, मग रिपोर्टची वाट बघायची, हे मात्र अजूनही आहे. त्या आठवड्यांत आया माझ्याकडे बघतही नाहीत, माझ्या टेबलावरच्या लिफाफ्यांकडे बघतात.

संशोधन शिकले ते शहरात, पण करायचं ठरलं ते तालुक्याला. एथिक्स कमिटीकडे पहिला प्रस्ताव पाठवला तेव्हा संमतीपत्र सहा पानांचं होतं. 'आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक आहे.' एका बाईने विचारलं, ऐच्छिक म्हंजे? मी वऱ्हाडीत लिहून पाठवलं: तुमची मर्जी असंल तं हाव म्हणा, नसंल तं नाई म्हणा, गोळ्या तं भेटतीलच. कमिटीतल्या एका सदस्याने शेरा मारला, 'भाषा अशुद्ध.' तीन महिने त्यात गेले.

अंगठ्याचा प्रश्न त्याहून मोठा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची संमती घेताना तटस्थ साक्षीदार लागतो, तो आमच्या चमूतला चालत नाही. नियम योग्यच आहे. पण बाईसोबत दवाखान्यात येतं कोण? सासू, नाहीतर दीर, आणि नेमकं त्यांनाच काही माहीत नसतं. म्हणजे बाईचं रक्षण करायला ठेवलेला साक्षीदारच तिचं गुपित फोडणार. शेवटी पॉझिटिव्ह लोकांच्या गटातली एक दहावी पास बाई पुढे आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "म्या सही करतो, पण आधी मले समजलं पायजे." रक्त किती घेणार? उरलेलं कुठं जाणार? नाव कोण वाचणार? आम्ही दिलेली उत्तरं तिने दोनदा परत सांगायला लावली. तिच्यामुळे सहा पानांची चार झाली. माझ्या कोणत्याही पेपरवर तिचं नाव नाही, तिलाच नको होतं.

आता जीपची गोष्ट. सांगायला नको वाटते, पण सांगते. तीन भेटी चुकल्या की घरी जाऊन विचारपूस करायची, असं आम्ही लिहून ठेवलं होतं. एक बाई तीन महिने आली नाही. मी स्वतः गेले, काळजीपोटी. आमच्या गाडीच्या दारावर लाल रिबीन काढलेली आणि खाली मोठ्या अक्षरात कार्यक्रमाचं नाव. गाडी बोळात शिरली तशी पोरं मागे धावली. मी तिच्या ओट्यावर बसले, पाणी प्यायले, बीपीच्या गोळ्यांचं बोलले. ती मान खाली घालून तूर निवडत राहिली. एकदाच वर बघितलं, माझ्याकडे नाही, गाडीकडे.

ती पुन्हा आली नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'एलएफयू' लागलं, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेली. दोन वर्षांनी तिच्याच भागातली दुसरी बाई म्हणाली, "ते मजेत हाय मॅडम. पाटणबोरीच्या पुढं पैनगंगेचा पूल वलांडून जाते, आदिलाबादले. तुमची जीप थिकडं येत नाई न."

म्हणजे आमच्या कागदावर एक बाई हरवली आणि पलीकडच्या राज्यात एक नवीन नोंदली गेली. दोन्ही आकडे खोटे. त्यानंतर मी कुठल्याही अहवालात 'एलएफयू' वाचते तेव्हा आधी नकाशा बघते. एचआयव्हीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आणि गुप्तता पाळणं सक्तीचं झालं. गाडीवरची रिबीन आम्ही त्याच्या बऱ्याच आधी खरवडून काढली होती.

वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, आमची ओपीडी ओस पडायची. मजुरी किलोवर, एक खाडा म्हणजे दिवसाचं गेलं. मग आम्ही बायकांचा वार बाजाराच्या दिवशी ठेवला. बाजाराला जाते म्हटलं की कोणी काही विचारत नाही, आणि येताना पिशवीत वांगी-मिरच्या असल्या की खालची बाटलीही झाकते. लॉकडाऊनमध्ये एकदम काही महिन्यांच्या गोळ्या मिळायला लागल्या, ते खरं तर आधीच व्हायला हवं होतं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. माझ्या बायकांना ही सवलत फार आवडली. सगळ्यांनाच असल्यामुळे कंडक्टरला कारण सांगावं लागत नाही!

डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं एआरटीचं औषध आलं त्या वेळी पुन्हा तेच नाटक लांबून पाहिलं. २०१८ मध्ये बोत्स्वानातून बातमी आली की दिवस राहताना हे औषध चालू असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांत मज्जारज्जूचा दोष दिसला. लगेच अनेक देशांत मूल होण्याच्या वयातल्या बायकांना थांबवलं, पुरुषांना चालू. आफ्रिकेतल्या बायकांनी विचारलं, आम्हाला विचारलंत का? पुढे आकडे वाढले तसा तो धोका जवळपास विरून गेला. आज इथेही तीच एक गोळी बहुतेक सगळे घेतात.

पण मला सगळ्यात जास्त बोचतं ते आणखी वेगळं. माझ्याकडे एक बाई आठ वर्षं येत होती. गोळी एक दिवस चुकली नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडतच नसे. नव्या बायकांना मी तिच्याजवळ बसवायची. ती गेली गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने. कळलं तेव्हा मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. आठ वर्षं ती माझ्यासमोर खुर्चीत बसली, आणि मी, स्त्रीरोगतज्ज्ञ, तिला एकदाही तपासलं नाही. कारण एआरटीच्या खोलीत तपासणीचं टेबल नाही. ते दुसऱ्या इमारतीत, स्त्रीरोगाच्या ओपीडीत. तिथे चिठ्ठी देऊन पाठवायचं, आणि ती चिठ्ठी बायका वाटेतच घडी करून ब्लाउजमध्ये ठेवायच्या. एचआयव्ही असलेल्या बाईला या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत होते.

आणि तक्रार नाही म्हणजे आजार नाही असं नसतं, हे सांगायला परदेशातला पेपर लागत नाही. आपल्याच गडचिरोलीत, वसा आणि अमिर्झा या दोन गावांत राणी आणि अभय बंग यांनी ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि त्याआधी अंतर्गत तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. मी तो पेपर पाठ म्हणून दाखवू शकते. टेबल मागवायला मला एका बाईचा जीव जावा लागला.

टेबल शेवटी लेबर रूममधलं जुनं आणलं, एक पाय विटेवर. हिरवा पडदा, टॉर्च, स्पेक्युलम, पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड. बोळा लावायचा, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. एचआयव्हीच्या बायकांत सूज-संसर्ग इतका असतो की नसलेला डागही दिसतो, म्हणून हा कॅन्सर ज्या विषाणूने होतो त्या एचपीव्हीची चाचणी चांगली. उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांवर झालेल्या, २००९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ती एकदाच करूनही मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. (त्यात तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, यावर नंतर वाद झाला. व्हायलाच हवा होता.) या चाचणीचा नमुना बाईला स्वतः घेता येतो. पडद्याआड जायचं, बोळा फिरवायचा, नळीत टाकायचा. एक जण बाहेर येऊन पदराखालून नळी काढत म्हणाली, "एवढंच? मंग हे तुमचं लोखंड काहून घालता?"

डाग असेल तर पूर्वी क्रायो, म्हणजे गॅसने तो गोठवणं, करायचो, त्याचा गॅसचा सिलिंडर नागपूरहून यायचा आणि नेमका बायका आल्या की संपलेला असायचा. आता चटका देणारं हातातलं यंत्र आहे, शंभर अंश, वीस-तीस सेकंद. परवा पहिल्यांदा ज्यांना केलं त्या पन्नाशीच्या बाई. उठून बसल्या, लुगडं नीट केलं. मी फॉर्म हातात घेऊन सूचना वाचून दाखवल्या: पाणी जाईल, घाबरू नका, ओझं उचलू नका, चार आठवडे नवऱ्याजवळ जाऊ नका.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

"काय सांगून रायली वं बाई! नऊ वर्सं झाले बुढ्याले जाऊन. तूच तं केस काढला व्हता त्याचा."